पाव खोली

ताई,
तू झोपली आहेस, आणि भावजींना फोन लावायचा नाही अशी आईची मला तंबी आहे. हात शिवशिवत होते, म्हणून आपली खोली मोजली. बारा फूट गुणिले दहा फूट, एकशेवीस चौरस फूट. निम्मी तुला द्यायची म्हणून लांबीही निम्मी केली, रुंदीही, आणि खडूने चौकट आखली. बाबा म्हणाले, "गाढवा, सहा पंचे तीस. ही पाव खोली झाली!"

आता पुसायचा कंटाळा आलाय, त्यामुळे त्या तिसांत मीच राहतो. कपाट तुझ्या हद्दीत गेलंय. आतले माझे मोजे भाडेकरू समज. मी पडद्याचं कापड आणायला चाललोय.

दोनच दिवस राहणार म्हणालीस. नव्वद चौरस फूट दोन दिवसांत वापरून संपत नाहीत.

तुझा शेजारी