नव्या सेलवर लावून पाह्यलं का?

नाना, आज परत घरी मीटर तपासत बसले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले व्होल्ट मोजायचे चार मीटर पिशवीत घालून आणले होते. मी तासिकेवर शिकवते, हे माझं काम नाही. पण खोटा आकडा मुलांनी वहीत उतरवावा हे अजून सोसत नाही. दमते फार. तुम्ही ठेवायचात तसाच एक कोरा सेल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात वेगळा ठेवते. मीटर आधी त्याला लावायचा. दीड व्होल्टच्या जरासं वर दाखवलं तर ठीक. फारच जास्त दाखवलं तर मीटरमधलीच बॅटरी उतरलेली असते.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली ड्यूटी करून आल्यावर तुम्ही ओट्यावर लोकांच्या वस्तू तपासायचात. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, शिष्यवृत्तीतून डिजिटल मीटर घेतलेला. दसऱ्याला तीन दिवस होते. शेजारच्या मळ्यातले काका टेम्पोची बॅटरी घेऊन आले. तुमच्या जुन्या मीटरचा काटा बाराच्याही खाली, माझा मीटर बारा पॉइंट सात, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली.

"नाना, काटा अंदाजानं वाचायचा. हा आकडा आहे."

"नव्या सेलवर लावून पाह्यलं का, बाई?"

"मीटरच नवाकोरा आहे!"

काका हसले. "मिस्तरी, पोरगी ग्रॅज्युएट होतेय. तुमचा काटा घाला आता भंगारात." बॅटरी चार्ज न करताच ते घेऊन गेले.

खंडेनवमीच्या पहाटे झेंडूनं भरलेला टेम्पो सुरूच झाला नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत बाजार उठला. काका दारात आले. "लय भरवसा होता मिस्तरी तुमच्यावर. सगळा माल गेला ना!" मी आत, स्वयंपाकाच्या ओट्याशी. तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं." मग मला हाक मारून, "चहा टाक गं काकांना." दुपारी हत्यारांच्या पूजेत तुम्ही माझा मीटर मधोमध मांडलात, फूल त्यालाच वाहिलंत. काट्याचा मीटर पाटाच्या कडेला होता. त्यानंतर कुणालाही आकडा सांगण्याआधी तुम्ही मला विचारायचात. तुम्हाला कळलं होतं का, हे विचारायचं राहिलं, आणि दोन वर्षांत तुम्ही गेलात.

हे पत्र सेलच्या डब्यातच ठेवते. काका बॅटरी घेऊन गेले त्याच संध्याकाळी मी मीटर तुमच्या सेलवर लावला होता. एक पॉइंट सातच्या वर गेला; खोटा माझाच मीटर होता. काकांचा मळा हाकेच्या अंतरावर होता, मध्ये अख्खा एक दिवस होता. मी मीटर बंद केला आणि मनात म्हटलं, होईल टेम्पो सुरू.