दाईचं काम कोण करणार?

४ फेब्रुवारी

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

बाबांचा पाय कसा आहे? प्लास्टर निघेपर्यंत शिडीकडे बघायचंही नाही, असं माझ्या नावाने त्यांना दटाव.

इकडे तुझी भिंगरी नावाप्रमाणे गरगर फिरते आहे. सोमवारी ऑपेरात विजार घालून राजाचा हुजऱ्या झाले, बुधवारी कुबड लावून चेटकीण, आणि रविवारी काळा झगा घालून अख्ख्या वाद्यवृंदापुढे मैफल गायले, तीही गंभीर चेहऱ्याने. चेटकिणीचं कुबड काढायचं राहिलं आणि तशीच बसमध्ये चढले. एका बाईंनी उठून जागा दिली. मीही निमूट बसले, पाय दुखत होते.

आता खरी बातमी. पुढच्या महिन्यात तुमच्या कंपनीत व्हायचा तो जुना ऑपेरा आमच्याकडे नव्याने उभा राहतो आहे. मी धीर करून नायिकेचं काम मागितलं. व्यवस्थापक गोड हसले आणि म्हणाले की मी नायिका झाले तर बाकीची कामं कोण करणार. नायिका आमच्या मुख्य गायिका, मोठ्या बाई, आणि मला नायिकेच्या म्हाताऱ्या दाईचं काम दिलं आहे. शिवाय अडीअडचणीला असावी म्हणून नायिकेची गाणी पाठ करायचं कामही माझ्याच गळ्यात! हंगाम संपला की नवे करार होतील. आत्या, मला एकदा तरी नायिका व्हायचं आहे गं. वय काही थांबत नाही.

तुझा लोभ आहेच, त्यात काटकसर करू नकोस.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा शिडीवर नाही, पण काल स्टुलावर चढलेले सापडले. दिवा बदलायचा होता म्हणे. माझा भाऊ असला तरी अक्कल वेगवेगळी वाटली गेली आहे.

तुझं पत्र वाचून मला रागच आला. तू सगळ्यांच्या उपयोगी पडतेस, तेच तुझ्या आड येतंय. जिथे फट दिसेल तिथे तुला कोंबतात आणि तू खुशाल बसतेस. मी उभी हयात कोरसमध्ये गायले, ते मला आवडायचं म्हणून. तुझा गळा एकटीने गायचा आहे. यापुढे फट बुजवायला बोलावलं की तोंड भरून नाही म्हण. काही आभाळ कोसळत नाही.

दाईचं काम मात्र गोड आहे हं. आमच्या कंपनीत हा ऑपेरा होता. दाई गायची तेव्हा मी मागे उभी राहून सगळं ओठातल्या ओठात म्हणायची.

जेवणखाण वेळेवर कर आणि आमची आठवण ठेव.

तुझी,
आत्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे. मोठ्या बाईंचा आवाज पार बसला! डॉक्टरांनी बोलायलाही मनाई केली आहे आणि पहिला खेळ पुढच्या शनिवारी. व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं की बाई रंगमंचावर नुसते ओठ हलवतील, मी कडेला अंधारात उभी राहून गायचं. आमच्या धंद्यात असं करतात, त्यात गैर काही नाही. पण तुझं पत्र डोक्यात होतं आणि तोंडातून ‘नाही’ निघून गेलं! म्हटलं, गायचं तर वेश करून उजेडात गाईन. व्यवस्थापक पांढरेफटक पडले. वाद्यवृंदाचे संचालक मात्र हसत सुटले आणि विचारायला लागले की ही मुलगी इतकी वर्षं कुठे होती. संध्याकाळी होकार आला! खेळ रंगला तर पुढच्या हंगामात मुख्य भूमिका. फसला तर मला नारळ.

आता गोची अशी की दाईचं काम कोण करणार? कोणालाच येत नाही. तेव्हा मी तुझं नाव सांगून मोकळी झाले. ओरडू नकोस. तू आली नाहीस तर खेळच रद्द होईल. सोमवारी तालीम आहे, ये ना!

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी आयुष्यात एक ओळही एकटीने गायलेली नाही. माझ्यामुळे तुझ्या करारावर पाणी पडलं तर मी तोंड कुठे लपवू? शिवाय दादाला कोण बघणार? मी येणार नाही, हे शेवटचं. दुसरी कोणीतरी शोध. पत्र दादाकडे तिकीट लावायला देते आहे.

तरीही तुझीच,
आत्या

ता. क. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. ते तिच्याच बॅगेत आहे आणि बॅग मी भरली आहे, एका पायावर. शेजारचे डॉक्टर माझ्याकडे बघतील. टॅक्सी दारात उभी आहे, तुझी आत्या अजून आरडाओरडा करते आहे, पण केस विंचरून झाले आहेत. — बाबा

८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी भांडण. माझ्या वाचायच्या चष्म्याऐवजी तू स्वतःचा भरलास. सगळा आठवडा मी न बघता गायले.

आता कालचं. तालमी बऱ्या गेल्या होत्या. पण काल माझी ओळ आली आणि मी गप्प! दादा, कोरसमध्ये आम्ही शेजारणीचा श्वास ऐकून सुरुवात करतो. भीतीने संचालकांच्या हाताकडे बघायचंच विसरले आणि सवयीने शेजारी कान लावून उभी राहिले. शेजारी कोणी नव्हतंच. संचालकांनी तोच तुकडा पुन्हा वाजवून घेतला, तरी मी ढिम्म. वाटलं, पोरीचं वाटोळं केलं. त्या प्रवेशात नायिका झोपलेली असते, म्हणून भिंगरी पलंगावर झोपेचं सोंग घेऊन पडली होती. तिने बरोबर ओळखलं. झोपेत कूस वळवल्यासारखी माझ्याजवळ सरकली आणि चांगला मोठा श्वास घेतला. झालं! माझा गळा आपोआप उघडला. सगळं गायले रे, शेवटपर्यंत.

आणि ती काय गायली! शेवटच्या गाण्याला दाईने रडायचं असतं. मी आत्या म्हणून रडले, कोणाला फरक कळला नाही. पडदा पडल्या पडल्या व्यवस्थापकांनी तिला पुढच्या हंगामाच्या दोन भूमिका सांगितल्या, दोन्ही नायिकेच्या. पोरगी खोटे केस हातात घेऊन नाचत सुटली. उरलेले खेळ मलाही करायचे आहेत, तेव्हा तू शिडीपासून लांब राहा.

एक सांगायचं राहिलं. लोक टाळ्या वाजवायला लागले तशी मी मागे सरकले. भिंगरीने हात धरून मला थेट पुढच्या कडेपर्यंत ओढत नेलं. कोरसच्या जागेवरून समोर नुसता काळोख दिसतो रे. इतकी वर्षं गायले, पण ऐकणाऱ्यांचे चेहरे मी काल पहिल्यांदा पाहिले.

आहे तसाच लोभ राहू दे.

तुझी,
धाकटी