तुझी कंपनी की माझी

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजींचा गुडघा आता दुखत नाही. भाचीला चष्मा लागला आणि तो तिला शोभतो असं तिचंच मत आहे. पावणेदोन वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग मला हवं ते सांगता येत नाही.

विषय आत्याचा आहे. आई गेल्यावर जिने आपल्या दोघींच्या वेण्या घातल्या, तिच्या निवृत्तीच्या पैशांचा. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून उभी राहिली त्याचे ते पैसे. मागच्या महिन्यात ती मला म्हणाली, "मला शेअरमधलं काही कळत नाही. पंप तेवढे तुमच्या दोघींमुळे ऐकून माहीत आहेत. तेव्हा तुझी कंपनी घेऊ की धाकटीची, ते नीट बघून सांग."

मी नीट बघितलं गं. खरंच बघितलं. जेवणाच्या टेबलावर दोन्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेजारी शेजारी मांडले आणि पेन्सिल घेऊन बसले. तुमचा शेअर महाग, नफ्याच्या चाळीसपट भाव. आमचा चौदापट. आम्ही दरवर्षी लाभांश देतो, तुमचा हात आखडता. इथपर्यंत मी खुशीत होते, चहा पण करून घेतला. पुढे वाचलं तर तुमच्यावर कर्ज जवळजवळ नाही, आणि ऑर्डरी दोन वर्षं पुरतील इतक्या. आमच्या ऑर्डरी आटत चालल्यात. आणि वॉरंटीत बदलून द्याव्या लागणाऱ्या पंपांसाठी बाजूला काढलेली रक्कम तीन वर्षांत तिप्पट झाली आहे. मागच्या पानांवर, बारीक अक्षरात, पण छापलेलं आहे.

मग तुमच्या अहवालाचं सतरावं पान उघडलं. तिथे तू. पानभर. नव्या पंपावर हात ठेवून उभी, डोक्यावर पांढरं हेल्मेट, खाली "मुख्य डिझायनर". मी तो फोटो किती वेळ बघत होते ते सांगत नाही. एवढंच सांगते की हेल्मेटचा पट्टा तू लावलेला नव्हतास, आणि ते सापडल्यावर मला फार बरं वाटलं.

तशीच उठले आणि आत्याला चिठ्ठी लिहिली. चार ओळींची. आमचा शेअर स्वस्त आहे, लाभांश मिळतो, जुनी कंपनी आहे, आमचाच घे. वॉरंटीचं अवाक्षर नाही.

रविवारी तिचा फोन आला. "दोघींचं एकमत झालं, बरं झालं बाई."

"कसलं एकमत?"

"धाकटीलाही विचारलं होतं मी. ती म्हणाली, ताईची कंपनी घे. आमचा भाव फार चढलाय. आणि ताईने तपासल्याशिवाय तिथून पंप बाहेर पडत नाही, तुझा पैसा बुडायचा नाही."

ठमे, तुला वाटेल मला लाज वाटली. ती नंतर वाटली. आधी मी जळले. म्हटलं, घ्या, मोठेपणातही ही माझ्या पुढे!

आणि मग ते "ताईने तपासल्याशिवाय" डोक्यात घुसलं. आठ महिने झाले, मी चाचणी विभागात नाही. कोणालाच सांगितलं नाही, भावजींनाही उशिरा कळलं. फेब्रुवारीत एका लॉटमधले पंप फिरत्या दांड्याजवळ गळत होते. मी सही करायला नकार दिला. मॅनेजर म्हणाले, "बाई, ट्रक उभा आहे. थेंबभर पाण्याने काय होतं?" मी म्हटलं, "मग तुम्ही करा सही." त्यांनी केली. दुसऱ्या आठवड्यात माझी बदली सुट्या भागांच्या गोदामात झाली. आता मी वायसर मोजते. बावीस वर्षांनंतर वायसर! आणि त्याच वर्षी तुझा फोटो पानभर. आता कळलं ना, पट्टा का दिसला ते?

आत्याला फोनवरच सगळं सांगितलं. गोदाम, गळके पंप, गाळलेली ती ओळ. ती म्हणाली, "लहानपणीही खोटं बोलायचं असलं की तू थोडक्यात आटपायचीस. चार ओळी बघून मला वाटलंच होतं. आता सांग, काय घेऊ?"

"धाकटीची," मी म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं. "पण सगळे पैसे एकदम नको. भाव खाली आला की थोडे थोडे घे, अर्धे बँकेतच राहू देत."

काल तिने पहिले शेअर घेतले. तिने तुझा सल्ला का ऐकला नाही हे तू विचारशील, म्हणून हे पत्र. दोष तुझ्या सल्ल्याचा नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि ज्या खुर्चीवर ठेवलास तिथे मी नव्हते.

आणखी एक. तू आमच्या कंपनीतली नोकरी सोडलीस त्या दिवशी मी दारात म्हणाले होते, "माझ्या ओळखीने आत आलीस आणि मलाच तोंडघशी पाडून चाललीस." ते खोटं होतं. तू तुझ्या डोक्याने आत आली होतीस. मी फक्त तुला फाटक दाखवलं होतं. तुझ्याबरोबर मलाही निघायचं होतं आणि धीर झाला नाही, म्हणून तसं बोलले.

तुमच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकू नकोस. टाकलास तर मी येईन, आणि मग तुझ्यावर आणखी जळेन. पुढच्या महिन्यात मी दुसरीकडे मुलाखतीला जाते आहे. लहान कारखाना आहे, पण काम चाचणीचं आहे.

आज सकाळी तुमचा भाव वर गेला. पोटात दुखलं. मग आत्याचे पैसे त्यात आहेत हे आठवलं आणि बरं वाटलं. दोन्ही एकाच मिनिटात. सध्या मला एवढंच जमतंय.

उत्तर दे. रागावलीस तरी दे.

तुझी
(इथे हात थांबला होता, पण "तुझी" खोडत नाही)
ताई