मशिनवरची सवत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा उभ्याउभ्याच नमस्कार. वाकले तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरातलं एक सध्या कामातून गेलंय. तुझा खोकला कसा आहे? भाऊजींना ऐकू येत नाही ते तसंच राहू दे, संसार सुखाचा होतो. मी सांगतेय, नात लिहितेय. (तिला बजावलंय, सुधारायचं नाही.)

ताई, या वयात मला सवत आली. तीही माझ्याच शिलाई मशिनवर! आमचे हे जन्मभर लोकांच्या भिंतींवरचे विजेचे मीटर वाचत हिंडले. घरातली बायको काही वाचली नाही. मध्यंतरी मशिनला तेल घालताना यांनी पितळी पट्टी पुसली आणि तिच्यावरचा मशिनचा आकडा पाहून जे बसले ते बसलेच. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. (मला अक्षर येत नाही, पण वैरिणीचं नाव पाठ होतंच.) दोन महिने भागाकार केले, वह्या संपवल्या, आणि एका सकाळी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अगं, हिला कुणीच भागत नाही! एक आणि ती स्वतः, बस." म्हटलं, मला बघा, सासूनं भागलं, पाच पोरांनी भागलं, तुम्ही भागलं, बाकी शून्य. तर म्हणतात, "म्हणूनच तर हिचं कौतुक!"

माझे डोळे अधू झाल्यापासून सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. आता सुई घेऊन उभी राहिले की, "थांब, आधी सतरानं बघतो." शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा तसाच पडलाय.

मग मीही इरेला पेटले. शेपटाकडचा एक आकडा ठिगळ चिकटवून झाकला. म्हटलं, शेपूट तुटली की तोरा उतरेल. आठ दिवस भागाकार चालले, आणि नवव्या दिवशी हे ओरडले, "उरलेली पण भागत नाही!" दुसरं ठिगळ लावलं. तरी नाही. मी झाकतेय आणि ती उजळतेय! शेवटी एकटा सात उरला, तोही कुणाला बधेना. ताई, माझे दात एकेक करून पडले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या होत्या का? यांनी तर शेजारच्या न्हाव्याला बोलावून पट्टी दाखवली. तो म्हणाला, "काय देखणी आहे हो!" मी दारातच होते, क्षणभर पदर सावरला.

असो. मला तिचा हेवा मुळीच नाही. काढा घेत जा.

तुझी,
धाकटी

ता. क. काल सहज विचारलं, माझा एखादा आकडा असता तर? म्हणाले, "जन्मतारीख आण, बघतो." ती मला कुठली ठाऊक? आईनं सांगितली असेल तर तुलाच. दिवस, महिना, साल सलग लिहून पाठव. आठ आकडे होतात, नातीनं मोजलेत.

आणखी एक. सालाच्या शेवटी दोन-चार असलं काही निघालं, तर मी पहिल्याच फटक्याला भागली जाईन. तसं असेल तर साल एकानं सरकव. कुठल्या बाजूला, ते थोरल्या बहिणीला सांगायला नको.