रवळूची नाडी

मच्छे,
ता. १२ मार्च २०२४

ती. मनुआक्कास,
धाकट्या रवळूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाय, म्हणून लिहितो. बेंगळूरला छातीत पंप बसवून परवा घरी आलो. हृदय दमलंय, रक्त आता पंप ढकलतो. पोटातून वायर बाहेर येते, बॅटऱ्या खांद्याच्या पिशवीत. पंप ठोके देत न्हाय, नळाच्या धारेसारखं रक्त सलग वाहतं. त्यामुळं मनगटाला नाडी लागत न्हाय. इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरनं दोन्ही हात बघितले आणि रजिस्टरात काय लिहू म्हणून मलाच विचारलं. आलतो म्हणून लिहा, म्हटलं.

जेवण जातंय. फाउंड्रीत तीन महिने रजा आहे. काळजी नसावी.

तुझा
रवळू

निपाणी,
ता. २० मार्च २०२४

चि. रवळूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. नाडी न्हाय हे काय बरं न्हाय, पण डॉक्टर शिकलेले आहेत. आईच्या मागं तुला मी वाढवलं आणि छाती उघडल्याचं मला पत्रातनं कळतं. हे मी विसरणार न्हाय.

पाडव्याला ये. नागूला सोबत आण, एकटा बसमध्ये चढू नकोस. भावजयीला माझा आशीर्वाद सांग.

मनुआक्का

बेळगाव,
ता. ११ एप्रिल २०२४

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

दवाखान्यातनं लिहितो. पाडव्याला तुझ्याकडं निघालतो, ते बेळगावच्या स्टँडवरच राहिलो. उन्हात अंगातलं पाणी कमी झालं, पंपाला रक्त पुरेना आणि मी आडवा झालो. नागू पाण्याची बाटली आणायला गेलती. यल्लाप्पा म्हणून एक निवृत्त कंपाउंडर तिथं होते. त्यांनी मनगट बघितलं, मान बघितली आणि संपलं म्हणून सांगितलं. पिशवीतलं यंत्र ओरडत होतं, लोकांना ते मोबाईल वाटलं. मग कुणीतरी माझ्या खिशातला खरा मोबाईल काढून तुझ्या घरी कळवलं.

तेवढ्यात नागू आली. छातीला कान लावून, पंप फिरतोय, माणूस चालू आहे, म्हणाली. बाईला धक्का बसलाय म्हणून यल्लाप्पांनी तिला बाजूला धरलं. तिनं त्यांचीच मान खाली ओढली आणि कान माझ्या छातीवर दाबला. आतली घरघर ऐकून ते स्वतःच रिक्षा आणायला पळाले. सलाईन लागल्यावर मी उठलो.

तुला दुसरा फोन अर्ध्या तासानं गेला. त्या अर्ध्या तासात तिकडं काय झालं ते कोण सांगत न्हाय. राग धरू नये.

तुझा
रवळू

निपाणी,
ता. १५ एप्रिल २०२४

चि. रवळूस,
अ. उ. आ.

फोन नातवानं, आदर्शनं घेतला. त्यानं माझ्या कानात ओरडून सांगितलं, त्यामुळं गल्लीलाही कळलं. गुढी उतरवली. दहा-बारा बायका येऊन बसल्या.

तू न्हाईस म्हटल्यावर मी बोलायला लागले. माझे मालक अंथरुणाला होते तेव्हा फाउंड्रीची पाळी संपवून तू महिनाभर मच्छ्याहून येत होतास, ते सांगितलं. मी न मागता शेताचा तुझा वाटा तू माझ्या नावावर केलास, ते सांगितलं. मी घाबरीन म्हणूनच ऑपरेशनचं लपवलंस, हेही मीच सांगितलं. मग दुसरा फोन आला. बायकांना चहा केला. दोघी-तिघी जरा नाराज होऊन गेल्या.

तू असताना असलं बोलायची मला सवय न्हाय. पण सगळ्या गल्लीला माहीत आणि तेवढं तुलाच माहीत न्हाय, हे बरं दिसत न्हाय. म्हणून लिहिलं.

माया असू दे.

तुझी
आक्का