डिपेंडंट: एक

३ जून
जुन्या शाळेत राजीनामा दिला, ३० जूनपर्यंत तिथेच शिकवायचंय. नव्या शाळेचं ऑफर लेटर हातात आहे. आता वर्क व्हिसा जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे वळवायचा, ३० जूनच्या आत. नाहीतर देश सोडायचा. सहा पानांचा फॉर्म. चौदा वर्षं इथे गणित शिकवतोय, सहा पानांना काय घाबरायचं? शनिवारपर्यंत काम संपवणार. घरातली कागदपत्रं आजवर आमची हीच बघायची, म्हणून लोकांना उगीच वाटतं की मला जमणार नाही.

७ जून
फॉर्म ऑनलाइन भरला. विवाहित. डिपेंडंट: एक. तिचा व्हिसा माझ्या नावावर पुढच्या मार्चपर्यंत चालू आहे. रेकॉर्डवर जे आहे तेच लिहिलं. बिनचूक.

११ जून
फॉर्म परत. 'डिपेंडंटची सद्यस्थिती स्पष्ट करा.' त्यांच्या सिस्टिममध्ये काहीतरी बिघाड दिसतो. शिवाय पत्रात इंग्रजीच्या तीन चुका. लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि स्कॅन करून पाठवल्या. पुढच्या वेळी नीट लिहितील.
संध्याकाळी ताईचा फोन. "अरे, एप्रिलमध्ये मी कुरियर केलेला दाखला जोडलास ना?" आवाज नीट येत नव्हता, म्हणून ठेवला. लगेच तिचा मेसेज: 'मला तर तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता.'

१४ जून
कुरियरचं पाकीट टेबलावरच आहे. पंख्याने परीक्षेचे पेपर उडतात, त्यांच्यावर ठेवलंय. पेपर तपासून झाले की उघडायचं. मुलांचं नुकसान नको.

१५ जून
पेपर संपले. पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले. एका मुलीचा अर्धा मार्क वाढला. म्हणजे फेरतपासणीची गरज होतीच.

१९ जून
फॉर्म पुन्हा भरला, जसाच्या तसा. पुन्हा परत.
एचआर मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "सर, एक दिवस उशिरा आलेली वही तुम्ही घेत नाही. ते लोक तुमच्याहून कडक आहेत." हसलो. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मिसेसचा दाखला दिलात का?" तास आहे म्हणून निघालो. तास नव्हता. जिन्यात दहा मिनिटं उभा राहिलो. पायांना बरं असतं.

२४ जून, सकाळी ९
स्वतः व्हिसा ऑफिसात. टोकन ८१. समोरासमोर बोललं की कामं होतात.
खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आधी पत्नीचा व्हिसा रद्द करा, मग तुमचा पुढे सरकेल." वेगळा फॉर्म दिला. रद्द करण्याचं कारण, पर्याय तीन: देश कायमचा सोडला, घटस्फोट, मृत्यू. मी पहिल्यावर खूण केली. यात खोटं काही नाही. जानेवारीत ती उपचारांसाठी गावी गेली. विमानतळावर मीच सोडलं. परत आली नाही. डोकं शांत ठेवलं की मार्ग निघतो.
तो म्हणाला, "मग इथे त्यांची सही लागेल," आणि पेन्सिलने एक फुली केली. "स्कॅन नको हं. मूळ सही."
मी म्हणालो, "आणतो."

२५ जून
तिची सही सोपी आहे. शेवटचं अक्षर लांबवायचं, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. रफ कागदावर करून पाहिली. हुबेहूब आली. बराच वेळ बघत बसलो. पण वर्गात यालाच मी कॉपी म्हणतो, आणि शिक्षा करतो. फॉर्मवर केली नाही. रफ कागद मात्र टाकवला नाही. पाकिटाखाली ठेवलाय.

२८ जून
ताई. "अरे, नोकरी घालवशील. तू लिहिलं नाहीस म्हणून ती परत येणार आहे का रे?" आज आवाज अगदी स्वच्छ येत होता. मग तीच रडायला लागली. मी म्हणालो, सोमवारी नक्की.
आज-उद्या ऑफिस बंद. सोमवारी सकाळी पहिला नंबर लावणार.

३० जून
सकाळी साडेसातला पाकीट उघडलं. दाखला, त्याच्या तीन प्रती, आणि ताईची चिठ्ठी: 'मिळालं की कळव. जेवत जा.'
तिसऱ्या पर्यायावर खूण करायची तर घरात सगळे पेन लाल. सरकारी फॉर्म लाल शाईने भरत नाहीत. निळा आणायला गेलो. दुकानात चार प्रकारचे निळे होते. चारही लिहून बघितले. मग शर्टाला इस्त्री. मग दुसऱ्या शर्टाला.
ऑफिस दोनला बंद होतं. पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉचमन म्हणाला, "उद्या या." दहा मिनिटांनी कोणाचं काय बिघडतं? उद्या समजावून सांगेन.

१ जुलै
खिडकीवरचा तोच माणूस. दाखला वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "सर, हा आधी दिला असता तर चार मिनिटांचं काम होतं." मुदत काल संपली. समजावून सांगायचं ठरवलं होतं. दाखल्याच्या तीनही प्रती पुढे सरकवल्या.
नव्या शाळेतून फोन आला. त्यांनी दुसरा माणूस घेतला. मला दहा दिवसांत निघायचंय.
खिडकीतून माझ्या नावाचा फॉर्म आला. त्याच नमुन्याचा, व्हिसा रद्द करण्याचा. कारणांत पहिल्या पर्यायावर खूण केली. सही मागितली, तिथल्या तिथे केली. शेवटचा रकाना, डिपेंडंट: शून्य. निळ्या पेनाने, खाडाखोड न करता.
महिन्याभरात माझा हा एकच फॉर्म पहिल्या फेरीत पास झाला.