न पिणाऱ्याचा दाखला

प्रिय ठमे,

तुझ्या केबिनवरून जाताना शिक्षक आवाज खाली करतात म्हणे. तू मुख्याध्यापिका त्यांची, माझी नाही, त्यामुळे मी ठमेच म्हणणार. फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि मूग गिळून बसतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. फाडायचं तर फाड, पण आधी वाच. तुझी समजूत झालीय की मी प्यायला लागलोय. मी पीत नाही. आधीही कधी प्यायलो नाही. आता सगळं क्रमाने सांगतो, कारण तुझ्यासारख्या बाईला मधूनच सांगितलं की तू पहिल्या पानावर बोट ठेवतेस.

त्या दिवशी तू न कळवता आलीस. मी बेकरीतून नुकताच वर आलो होतो, ॲप्रनही उतरवला नव्हता. दारातच तू मला मिठी मारलीस आणि मला बरं वाटलं. मग जाणवलं की तू श्वास आत ओढून धरलायस. ठमे, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. आई तुला लहानपणी हेच करायला लावायची ना? बाबा घरी आले की तुलाच दाराशी पिटाळायची, कारण तू धाकटी, तुला ते उचलून घ्यायचेच. प्यायलेले असले की तू आत येऊन पाणी मागायचीस, नसले तर जेवायला मागायचीस. पाणी मागितलंस की मी काचेची भांडी उचलून माळ्यावर ठेवायचो. आपल्या घरची ही रीत दुसऱ्या कुणाला सांगितली तर वेड्यात काढतील. पण तुझं नाक कधी चुकलं नाही, हेही खरं.

त्या दिवशीही ते चुकलं नव्हतं. सकाळीच व्हॅनिला इसेन्सची अख्खी बाटली माझ्या अंगावर सांडली होती. त्यात अल्कोहोल असतंच. शिवाय पावाच्या पिठाला यीस्टचा आंबूस वास, तो तर माझ्या कातडीत मुरलाय. त्यात तू पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलीस आणि फ्रिजवर अडकवलेला सोनोग्राफीचा कागद वाचलास. त्यावर लिव्हर हा शब्द होता. तो एवढाच वाचलास की पुढचंही वाचलंस, माहीत नाही. खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता तू निघून गेलीस. या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हे मला मेहुण्यांच्या तोंडून कळलं.

तुला दोष कसा देऊ? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाबांचं फुगलेलं पोट आणि पिवळे डोळे मीही बघितलेत. आपल्या घरात लिव्हर म्हणजे दारू, दुसरा अर्थच नाही. तो कागद मुळात मूतखड्यासाठी काढला होता. खडा पडून गेला, मी सुटलो म्हणून खूश झालो. खाली फॅटी लिव्हर असंही लिहिलं होतं, ते वाचून मला हसू आलं. न पिणाऱ्याला लिव्हरचा आजार, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, म्हणून कागद फ्रिजवर लावला आणि कामाला लागलो.

तू निघून गेल्यावर मात्र मला राग आला, तोही भयंकर. आयुष्यभर थेंबाला शिवलो नाही आणि सख्ख्या बहिणीने वास घ्यावा? दुसऱ्याच दिवशी तो कागद घेऊन गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि म्हटलं, हा माणूस पीत नाही असं सही-शिक्क्यानिशी लिहून द्या, बहिणीला पाठवायचंय. बाईंना हसू आवरेना. असा दाखला कुठला डॉक्टर देत नाही म्हणाल्या. पण आलाच आहात तर बसा म्हणाल्या, आणि मी बसलो. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

त्यांनी विचारलं, काम काय करता. मी म्हटलं, चाखतो. थट्टा नव्हती ती. तुला माहितीय, बेकरीत प्रत्येक घाण्यातलं पहिलं बिस्किट मालकाने खायचं, ही शिस्त मी माझ्या उस्तादांकडून घेतली. केकच्या कडा कापल्या की त्याही तोंडात जातात, क्रीम बोटाने चाखायचं, आणि भट्टीपाशी तहान लागली की गार गोड सरबत. जेवण मात्र वेगळं, ते पोटभर. बाई ऐकत होत्या आणि माझ्या पोटाकडे बघत होत्या. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. शरीराला लागते त्याहून जास्त साखर आली की लिव्हर तिची चरबी करून साठवतं. कोठी भरली की तीच चरबी रक्तात सोडायला लागतं. मग साखर वाढते, दाब वाढतो, रक्तवाहिन्यांच्या आत थर बसत जातो. दारू न पिणाऱ्यालाही हे होतं, आणि आजकाल कितीतरी जणांना होतं. मी म्हटलं, म्हणजे माझं लिव्हर जाणार, बाबांसारखं. त्या म्हणाल्या, तेही सांभाळायचं, पण असं लिव्हर असलेली माणसं लिव्हरपेक्षा हृदयानेच जास्त दगावतात. मला वाटलं बाई पेशंट बदलून बोलतायत.

मग त्यांनी विचारलं, जिना चढताना दम लागतो का? मैद्याचं पोतं उचलताना छातीत भरून येतं का? येतं की. गेल्या वर्षापासून येतंय. मी समजत होतो की मैद्याचा धुरळा छातीत बसलाय, सगळ्या बेकरीवाल्यांना होतं ते. पोतं भिंतीला टेकवायचं, जरा थांबायचं, पुन्हा उचलायचं, अशी सवयच लावून घेतली होती. बेकरीत पीठ मळणारे आमचे मळणीवाले काका विचारायचे तर त्यांना गप्प बसवायचो. बाईंनी तिथेच ईसीजी काढला आणि त्यांचं हसणं थांबलं. पुढे रक्त, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालणं, अँजिओग्राफी, एकातून दुसरं निघत गेलं. तीन वाहिन्या अरुंद झाल्यात. एक तर जवळजवळ बंद. हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, वेळेवर कसे आलात, बहुतेक जण झटका आल्यावर येतात. मी म्हटलं, बहिणीने संशय घेतला म्हणून आलो. त्यांना काही कळलं नाही, आणि मी समजावत बसलो नाही.

तेव्हा हे नीट वाच, ठमे. तू चुकलीस, आणि तू चुकलीस म्हणून मी हे पत्र लिहायला जिवंत आहे. खडा पडून गेल्यावर मी कुठल्या डॉक्टरचं तोंड बघितलं असतं, सांग. तुझ्यावर चिडलो म्हणून गेलो.

आता पहिलं बिस्किट मळणीवाले काका खातात आणि साखर कमी पडली की खुशाल बरी आहे म्हणतात. गिऱ्हाइकं कुरकुरतायत. मी उकडलेलं खातो, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच हळूहळू चालतो. वजन उतरलं तर लिव्हर पुष्कळसं सुधारतं असं बाई म्हणाल्या. दुखणं न दिसता वाढतं, तसं न दिसता कमीही होऊ शकतं. आणि हो, तू काडीसारखी आहेस म्हणून निर्धास्त राहू नकोस. मी विचारून घेतलं. बारीक माणसांनाही होतं, आणि तुला साखर आहे. तुझी तपासणी कर. मेहुण्यांना मी सांगितलंय, ते तुझ्या मागे लागतील. त्यांच्यावर ओरडू नकोस, ओरडायचं तर माझ्यावर ओरड.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. येत्या सोमवारी मला दाखल व्हायचंय आणि दुसऱ्या दिवशी बायपास आहे. छाती उघडणार आहेत. इस्पितळात विचारलं, बाहेर कोण थांबणार, आणि घरी गेल्यावर जवळ कोण असेल. बायको नाही, मूल नाही, मळणीवाले काका तयार होते पण भट्टी कुणी बघायची? माझ्या तोंडून निघून गेलं, बहीण आहे ना. तुला न विचारता सांगून बसलोय. मी पीत नाही यावर विश्वास बसला तर ये, असं लिहायचं ठरवलं होतं. ती अट आता काढून टाकतो. विश्वास नसला तरी ये. रागात ये, भांडायला ये, हवं तर डॉक्टरांना बाजूला घेऊन माझी पुरी उलटतपासणी कर. मला भीती वाटतेय, ठमे, आणि भुलीतून डोळे उघडले की समोर माझं माणूस म्हणून तूच हवी आहेस.

तुझाच, आणि वाट बघणारा,
दादा